इंदूची डोंगराई

तार आली तेव्हा मी कोपरगावला भावाकडे होते. दिवाळीची सुट्टी संपत आली होती, भाऊबीज होऊन गेली होती, आणि वहिनीच्या आग्रहानं मी आणखी राहावं की निघावं अशा विचारात ओसरीवर बसले होते. भावानं तार वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. इंदू गेली, एवढंच कळलं. बाकीचे शब्द मी बऱ्याच वेळानं वाचले. मिळाली ती एसटी धरून नगरला निघाले, तर कारखान्यांचे गळीत हंगाम नुकतेच सुरू झालेले. उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरलेला. गाडी थांबे, सरके, पुन्हा थांबे... मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात तिचा भाचा सुधीर बसला होता आणि शेजारच्या बायका आपसात बोलत होत्या, "सुटली बिचारी. आंधळेपणात किती दिवस काढणार होती?"

"ती आंधळी नव्हती," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले असेन, कारण सगळ्या वळून माझ्याकडे बघू लागल्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक चांगलं बोलले. पण शेवटी म्हणाले, "दैवानं त्यांची दृष्टी हिरावून घेतली आणि त्यांनी शांतपणे कुंचला खाली ठेवला." मी उभी राहिले. म्हटलं, "सर, तिनं कुंचला खाली ठेवला नव्हता. लोकांनी तो काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तेही कुणाला जमलं नाही. आणि शांत तर ती कधीच नव्हती." सभा मग घाईघाईनं संपली. तिथं जे सांगता आलं नाही ते इथं सांगते आहे.

नगरच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत असे आणि इंदू चित्रकला. उंच, सावळी, सुती पातळाच्या निऱ्यांवर कायम कुठला ना कुठला रंग सांडलेला. लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. दर मे महिन्यात ती कॅनव्हासची गुंडाळी आणि वळकटी घेऊन भंडारदऱ्याकडच्या कातळवाडीला जायची. तिथल्या हिराबाईच्या घरी तिची पथारी पडे. वर्गात एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, चित्राची स्फूर्ती येते कुठून?" इंदू म्हणाली, "ती कुठून येत नाही गं. आपण जायचं असतं. एसटीनं." मुली हसल्या, पण तिनं ते थट्टेत सांगितलं नव्हतं. एका कड्यासमोर ती सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बसलेली मी पाहिली आहे. कागद कोरा. "काढत का नाहीस?" म्हटलं, तर म्हणाली, "अजून मला तो कडा दिसत नाहीये. अजून मला फक्त 'कडा' हा शब्द दिसतोय."

मी देवधर्म करणारी. माझे मंगळवार असतात, चतुर्थ्या असतात. इंदूचं तसं काही नव्हतं, पण माझ्याबरोबर देवळात मात्र ती हौसेनं यायची. मी एकदा तिला सरळच विचारलं, "तू देव मानतेस की नाही?" ती म्हणाली, "मानायचं म्हणजे न बघता हो म्हणायचं. ते मला जमत नाही. गाभाऱ्यात गेलं की तू डोळे मिटतेस, मी उघडे ठेवते. तेवढाच आपल्यात फरक." मग म्हणाली, "आणि कमल, दिसलं ना, तर मी नाही म्हणणार नाही."

डोळ्यांचं दुखणं सुरू झालं ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी. फळ्यावर रेघ मारताना ती मधेच तुटायची. समोरच्या माणसाचं तोंड पुसल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते. त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, चष्म्यानं सुधारण्यासारखं नाही, आता चित्रं वगैरे सोडा. इंदूनं विचारलं, "कडेचं दिसेल ना?"

"कडेचं राहील बहुतेक. पण त्याचा काय उपयोग?"

"ते मी बघते," ती म्हणाली आणि उठली. जिना उतरताना तिनं माझा हात धरला नाही. कठडा मीच धरला.

त्यानंतर ती वेगळंच काढायला लागली. बघायची गोष्ट ती समोर ठेवतच नसे. मान वळवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची, कोंबडी बघते तशी. चित्राच्या चारी कडा भरगच्च, एकेक पान, एकेक भेग. आणि मधे एक राखाडी, मऊ, धगीसारखी हलणारी जागा. मी म्हटलं, "हे मधलं राहिलंय." ती भडकलीच. "राहिलं नाहीये! ते तसंच आहे. तुम्ही सगळे जे बघता त्याच्या मधोमध जाऊन बसता आणि म्हणता, दिसलं. मला आता मधे बसता येत नाही, तर जे आहे ते काढायचं नाही का मी?"

पावसानं दडी मारली त्या वर्षी कातळवाडीच्या लोकांनी डोंगराईच्या देवळाला नवा सभामंडप बांधला होता. देवीची मूर्ती म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, नुसता गोल दगड, तिला नाक-डोळे असे नाहीतच. म्हणून मंडपाच्या मोठ्या भिंतीवर देवीचं चित्र हवं, असं पंचांचं ठरलं आणि हरिभाऊंनी इंदूला निरोप धाडला. हरिभाऊ पंचांतले प्रमुख, तालेवार पण सरळ माणूस. आपल्या डोळ्यांचं इंदूनं त्यांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी इतकी वर्सं आमचा डोंगर काढताय. तुमाला दिसंल तशी काढा."

मी सुट्टीत सोबतीला गेले. त्या मे महिन्यात धरण जवळ असून वाड्यांवर प्यायला पाणी नव्हतं. हिराबाई आणि गावातल्या बाया खडी फोडायच्या कामावर जात आणि भर दुपारी सावलीला मंडपात येऊन बसत. इंदूनं तेलरंग घेतले. म्हणाली, पाण्यात कालवायचे रंग या गावात मी वापरणार नाही. भिंतीला बांबू-फळ्यांचा पहाड बांधून दिला होता, त्यावर चढून ती भिंतीला अगदी चिकटून, मान वाकडी करून काम करी. हळूहळू देवी दिसू लागली. डोंगराची धार तिच्या पदराचा काठ होऊन उतरलेली, पायाशी भेगाळलेला कातळ, गुडघ्यावर टेकलेले मोठाले, खरखरीत हात. तसे हात मी कुठल्या देवीचे पाहिले नव्हते आणि पाहून मला आपसूक नमस्कार करावासा वाटला. जिथं तोंड, तिथं मात्र इंदूनं तोच राखाडी उजेड ठेवला. त्याच्या कडेनं केस, कानातली फुलं, मळवटाचा खालचा जरासा लाल भास... बाकी काही नाही.

हिराबाईनं पहिल्यांदा विचारलं. "बाई, समदं लई झ्याक झालंय. पर आईचं त्वांड कुठं हाय?"

"मी बघायला गेले की तेवढंच नाहीसं होतं, हिराबाई. मग मी ते कसं काढू?"

हिराबाई भिंतीकडे बघत राहिली. "मला न्हाई कळत," ती शेवटी म्हणाली. "मला ग्वाड तोंडाची आई पायजे हुती." हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, की इंदू पहाडावरून उतरली आणि तिच्याजवळ बसली. "तुझं बरोबर आहे. पण ग्वाड तोंड मी काढलं तर ते कॅलेंडरावरून आठवून काढलेलं असेल. तू माझ्याकडून उष्टी देवी घेशील का?" हिराबाई पदर झटकून कामावर निघाली. पटलं नव्हतं तिला.

देवीची यात्रा जवळ आली तसं हरिभाऊंवर दडपण वाढलं. बिनतोंडाची देवी म्हणजे अपशकुन, म्हणूनच पाऊस रुसलाय, असं लोक बोलू लागले. हरिभाऊंनी हात जोडले, इंदूनंही जोडले, पण ऐकलं कुणीच नाही. शेवटी संगमनेरहून सिनेमाचे बोर्ड रंगवणारा एक पेंटर आणला. चांगला कसबी माणूस. त्यानं सकाळच्या उजेडात गोरंपान तोंड काढलं, मोठे टपोरे डोळे, गुलाबी ओठ. लोक खूश झाले. इंदू आली, मान वळवून कोपऱ्यातून बघितलं, आणि पहाडावर चढली. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं तिच्या हातात आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं. सगळ्या गावासमोर तिनं ते ओलं तोंड पुसून काढलं.

"बाई!" हरिभाऊ ओरडले. "आईच्या तोंडाला हात लावलात!"

"आईच्या नाही हरिभाऊ, या गुलाबी रंगाच्या. हात माझे, डोंगर माझा आणि तोंड दुसऱ्याचं, असं नाही चालायचं. नको असेल तर सगळंच पुसा. निम्मं खोटं ठेवू नका."

मी घाबरले होते. एखादा दगड येईल असं वाटलं. दगड आला नाही. हरिभाऊ पांढरेफटक पडून म्हणाले, "मग पुसतोच." दुसऱ्या दिवशी टँकरच्या पिंपातलं पाणी घेऊन चुना कालवला गेला. तेव्हा मात्र इंदू खवळली. "चित्रासाठी मी थेंब घेतला नाही आणि पुसायला तुम्ही पिंप ओतता?" बायांमध्ये कुजबुज झाली. हिराबाईनं उठून सरळ आपला हंडा त्या पिंपात बुडवला आणि भरून घेतला. तिच्यामागून आणखी दोघी. उरलेल्या पाण्यात चुना झाला, पातळ. तेलरंगावर तो धरेना, हातावर हात द्यावे लागले. इंदू शेवटपर्यंत समोर बसून होती. आपण जाऊ या, असं मी किती वेळा म्हटलं... "का जाऊ? हेही बघायचंच आहे," ती म्हणाली. परतताना एसटीत तिनं पहिल्यांदा डोळे पुसले आणि म्हणाली, "भिंत त्यांची होती, कमल. डोळा माझा आहे."

त्यानंतरच्या दीड वर्षात तिनं जितकं काम केलं तितकं आधीच्या दहा वर्षांत केलं नसेल. डोंगराई तिनं पुन्हा पुन्हा काढली. शाळेतून तिला लवकर निवृत्त केलं गेलं, त्यावरही ती "बरं झालं, दिवस मोकळा मिळाला" एवढंच म्हणाली. शहरात प्रदर्शन मांडलं तेव्हा एक गृहस्थ सहानुभूतीनं म्हणाले, "अपंगत्वावर मात केलीत हो!" ती म्हणाली, "मी कशावर मात केलेली नाही. चित्र बघा, नाहीतर चहा घ्या."

आमची शेवटची भेट दिवाळीच्या आधी झाली. तिनं मला खुर्चीवर बसवून माझं चित्र काढलं. "तुझं तोंड मला आता आठवत नाही," ती अगदी सहज म्हणाली. "पण तुझा अंबाडा, तुझे कान, बोलताना खांदा उडतो तो... एवढं नीट मी तुला कधी बघितलंच नव्हतं." मी कोपरगावला निघाले तेव्हा ती कुंचले धूत होती. दुखणंखुपणं काही नव्हतं. भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनी हृदय बंद पडलं.

खोली रिकामी करताना सुधीर म्हणाला, "मावशी, चित्रं चांगली आहेत. एखाद्या पेंटरकडून तेवढे चेहरे पुरे करून घेतले तर लोक घरात लावतील." मुलगा वाईट नाही, भल्यासाठीच बोलला. मी म्हटलं, "हात लावून तर बघ." सगळी चित्रं टेम्पोत घालून मी माझ्या घरी आणली. माझ्या दोन खोल्यांत आता बसायला जागा नाही. येणारे विचारतात, हे अपुरं का? मी त्यांना चहा देते.

तिची खिडकीजवळची वेताची खुर्ची तेवढी मी आणखी आणली. ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून कधीच नसे. भिंतीकडे असे, म्हणजे बाहेरचा निंब तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येई. माझ्याही खिडकीबाहेर एक झाड आहे, आणि खुर्ची मी तशीच ठेवली आहे. सकाळी पूजा झाली की तिच्यात बसते, नजर भिंतीवर ठेवते आणि कडेनं येईल ते बघायचा प्रयत्न करते. जमत नाही. मान आपोआप वळते, आणि मधोमध झाड दिसतं, झाडासारखं झाड. मग मी पुन्हा भिंतीकडे बघते...