कोरा ठेवलेला एक प्रश्न

मित्रांनो, दुपारचा एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

बाबांना कंपवात आहे. आज मोखाड्यात संशोधनासाठी त्यांचं रक्त घेतलं. नाव न देता त्याची माहिती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली होणार.

आमच्या गावी, पोशेऱ्यात, आम्ही कापलेली नखंसुद्धा पुरतो, कुणी करणी करू नये म्हणून. बाबा म्हणाले, "नखां पुरतो आपून, ना रगत जगभर धाडायचा?" मी हसून समजावलं. त्यांनी थरथरता अंगठा उठवला.

मग डॉक्टर म्हणाल्या, "तुलनेसाठी तुमचंही लागेल, सर." दिलं. फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता: तुमच्या रक्तातही या आजाराचा धोका दिसला, तर तुम्हाला कळवायचं का? माझं पेन तिथेच अडलं.

बाबांनी विचारलं, "आता तू कशाला भितोस?"

मी तो प्रश्न कोराच ठेवून आलो. माझ्या रक्तातलं जगाला दिसेल, मलाच नाही.

तुम्ही 'हो' लिहिलं असतं?