हवेचा मालक

रादिसाव स्तोयिल्कोविचने आयुष्यात काय दिवे लावले, तर रेडिएटरमधली हवा सोडली. बस, एवढंच. गोदामात नोकरी केली, तिथं त्याला कुत्रं विचारत नव्हतं. लग्न केलं, तर पुढंपुढं बायकोनेही विचारायचं सोडलं. पण झायेचार गावातल्या एका जुन्या इमारतीत त्याला घर मिळालं सगळ्यांत वरच्या मजल्यावर, आणि या माणसाचं नशीब फळफळलं.

थंडी लागली की गावच्या बॉयलरचं गरम पाणी नळांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये येऊन खोल्या तापवतं, आणि नळातली हवा वर चढून बसते. ती काढली नाही तर पाणी फिरत नाही, त्या नळावरची खालची सगळी घरं गार पडतात. माळ्यावरची हवा सोडायची चावी कधीच गंजून बसली होती. उरली एकच, रादिसावच्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरला. नखाएवढा स्क्रू. खाली वाटी धरायची, किल्लीने अर्धा फेरा द्यायचा, फुस्स थांबलं की बंद. शेंबडं पोरही करील असलं काम. पण ही महाशयांची गादी.

"माळ्यावर नवी चावी का नाही बसवत?" असं कोणी विचारलंच, तर हा मान हलवून सांगायचा, "तो नळ कुजलाय. हात लावलात की सगळी इमारत पाण्यात." लोकही असले बावळट की ऐकून घ्यायचे. मग ऑक्टोबर सरता सरता जिन्यावर वर्दळ. कोणी घरी गाळलेली आलुबुखाऱ्याची दारू आणायचं, कोणी भाजलेल्या मिरच्यांची बरणी. हा पायजम्यात दार उघडणार, जांभई देणार, आणि "जेवण झाल्यावर बघू" म्हणणार. त्याची बायको स्तामेंका आत भांडी घासता घासता हे सगळं ऐकायची आणि तिला किळस यायची. नवऱ्याची, आणि त्या बरण्या उघडून खाणाऱ्या स्वतःचीही.

यंदा पहिल्या मजल्यावरची ओलिवेरा रिकाम्या हातांनी वर आली. घरात तान्हं बाळ, डोळ्यांखाली काळं.

"रादिसावकाका, खोली अगदी गार पडलीये. बाळाला खोकला झालाय. तेवढी हवा सोडा ना."

"गेल्या वर्षी आमच्या स्लावाला कुठं होतीस?"

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं, तशी चालच नाही. ज्याला तुमच्याबद्दल काही वाटतं तो आपणहून येतो. हा मात्र दारात उभा राहून हजेरी घ्यायचा.

"तेव्हा दिवस गेले होते काका. फार उलट्या व्हायच्या, जिना चढवत नव्हता."

"आता बरी चढलीस."

स्तामेंका हात पुसत बाहेर आली. "अहो, सोडा की. एका मिनिटाचं काम."

"तू गप्प बस. येऊ दे तिला स्लावाला, चारचौघांसमोर. मग बघू." आणि स्क्रूची किल्ली त्याने खिशात टाकली.

ओलिवेराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पाहिलं स्तामेंकाकडे, आणि खाली गेली. ती नजर स्तामेंकाला दिवसभर बोचत राहिली.

स्लावाच्या सकाळी रादिसाव लग्नातला कोट चढवून तयार. मेणबत्ती लागली, गव्हाचा गोड सांजा झाला, सणाची पोळी फुलली, डुकराचं पिलू खरपूस भाजून टेबलावर आलं. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, बरीच.

"बघ, आले झक मारत," असं म्हणून त्याने दार सताड उघडलं.

पुढं हत्यारांची पिशवी घेतलेला प्लंबर, मागं शिडी धरलेला ओलिवेराचा नवरा, त्याच्यामागं अर्धी इमारत. सगळी वरात रादिसावच्या पोटासमोरून माळ्याच्या जिन्याकडे वळली.

"सण सुखाचा जावो, काका," ओलिवेराचा नवरा म्हणाला. थांबला मात्र नाही.

"अरे, तो नळ कुजलाय. इमारत बुडवाल."

वरून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले. "ठणठणीत आहे हो," प्लंबर म्हणाला, आणि कोणीतरी हसलं.

आपोआप हवा सोडणारी चावी बसवायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. दुपारी खालून ओरडा आला की रेडिएटर तापले. मंडळी उतरली, उघड्या दारावरून, भाजलेल्या मांसाच्या वासातून सरळ आपापल्या घरी गेली. रादिसाव उंबऱ्यात उभाच. हाक मारावी तर ते बोलावणं झालं, आणि स्लावाला बोलवायची चाल नाही. इतकी वर्षं ज्या चालीवर तोरा मिरवला, तिनेच त्याचं तोंड शिवलं. बरं झालं.

"बघून घेईन एकेकाला," तो आत येऊन गुरगुरला.

"कशाने? हवेने?" स्तामेंका म्हणाली. तिने पोळी अर्धी मोडली, वाडग्यात सांजा काढला, वर फडकं टाकलं आणि बूट चढवले.

"कुठं निघालीस?"

"ओलिवेराचं बाळ बघायला."

"अक्कल गहाण टाकलीस का? स्लावाच्या दिवशी घरची बाई घर सोडून जात नाही. कोणी आलं तर वाढणार कोण?"

"कोण येणार आहे? नाव सांगा, थांबते."

ती खरंच थांबली, दाराच्या मुठीवर हात ठेवून. रादिसावने टेबलाकडे पाहिलं. मग ती वाडगा सांभाळत जिना उतरू लागली, आणि पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत वरून एकाही माणसाचं नाव आलं नाही.