न विचारणारी अल्व्हिना

अमेरिकेतल्या मॉन्टॅना राज्यात, आमच्या काउंटीत अल्व्हिना टॉर्गरसनइतकी उद्धट बाई दुसरी नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वय एक्क्याऐंशी, तोंड फटकळ. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, तेव्हा पोरांपेक्षा त्यांचे आईबापच तिला जास्त भीत.

तिच्या उद्धटपणाचा कळस म्हणजे डाल कुटुंबाच्या कुरणातली वाट. मैलभर कच्चा रस्ता. पलीकडे शाळांच्या खर्चासाठी राखलेली राज्याची जमीन आणि तिच्यामागे थेट डोंगरापर्यंत केंद्र सरकारचं रान. आमचं सरपण, हरणाचं मटण, चोकचेरीची रानफळं, नाताळचं झाड, सगळं तिथलंच. सभ्य माणसं आधी डालांच्या दारी थांबत. टोपी काढून म्हणत, "कर्मिट, जाऊ का रे वर?" उतरताना हरणाची एक तंगडी त्याच्या ओसरीवर ठेवत. अल्व्हिना मात्र चर्चच्या डझनभर बायका पिकअपमध्ये कोंबून सरळ आत शिरे. फाटक उघडायचं, गाडी घालायची, फाटक लावायचं. म्हातारा कर्मिट डाल ओसरीवरून बोंब मारी, आणि ही हात हलवून पुढे जाई.

कर्मिट गेला. पोरांनी कुरण विकलं. बाहेरगावच्या नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात फाटकाला कुलूप ठोकलं. पलीकडचं हजारो एकर रान सगळ्या देशाचं, पण तिथे जायचं तर आता पंख हवेत. काउंटीने दावा लावला. हरलो असतो तर ती वाट आमच्या नातवंडांनाही दिसली नसती.

खटल्याच्या पहिल्या दिवशी आमच्या बाजूने साक्षीला गावातला वेंडेल प्रॅथर उभा राहिला. मालकाच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "जाताना डालांना विचारायचात का?"

"म्हणजे काय! न विचारता जायला आम्ही काय रानटी आहोत?"

वकील हसला. पाठोपाठच्या दहा साक्षीदारांनीही छाती फुगवून तेच सांगितलं. कायदा असा की सलग पाच वर्षं लोक परवानगीशिवाय वापरत असतील तर रस्ता लोकांचा. परवानगी घेऊन वापरला तर ती मालकाची मेहरबानी, तो केव्हाही बंद करील. आमच्या चांगुलपणानेच आमचा घात केला होता. खोटं बोलायला कुणी तयार नव्हतं, आणि बोलूही नये.

संध्याकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर वेंडेलचा चेहरा पडला होता. "अल्व्हिना, उद्या तुझी साक्ष. जरा नीट बोल गं."

"नीट बोलूनच तर तुम्ही आज माती केलीत," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती साक्षीला बसली. मालकाच्या वकिलाने कर्मिटची जुनी रोजनिशी पुढे केली. "इथे लिहिलंय, नोव्हेंबरात टॉर्गरसनबाई चोकचेरीचं सारण भरून भाजलेला पाय देऊन गेल्या. ती वाटेच्या परवानगीबद्दलची भेट होती ना?"

"त्याची बायको बाळंत झाली होती. पाय तिला दिला. त्याला तर मी त्यातला चुरासुद्धा दिला नसता."

कोर्टात हशा पिकला. काउंटीच्या वकीलबाई उठल्या. "न्यायाधीश महाराज, याच रोजनिशीतलं पुढचं पान वाचू द्या." त्यांनी वाचलं: "अल्व्हिना आज पुन्हा गाडीभर बायका घेऊन वर गेली. विचारलं नाही. ही सव्विसावी खेप. ओरडलो. उपयोग नाही." अशी पानंच्या पानं निघाली, वर्षामागून वर्षं. म्हाताऱ्याने रागारागाने एकेक फेरी टिपून ठेवली होती.

मालकाच्या वकिलाचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत निदान शेजारधर्म म्हणून तरी एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

अल्व्हिना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "वाटायचं ना. कर्मिट चांगला माणूस होता. त्याच्या ओसरीवर बसून कॉफी प्यावी असं खूप वाटायचं. पण एकदा विचारलं असतं, तर वाट त्याची झाली असती. फक्त माझ्या एकटीच्या जाण्यायेण्याचा प्रश्न असता, तर मी विचारलंही असतं."

वेंडेलने खाली मान घातली. चाळीस वर्षं आम्ही जिला उद्धट म्हणत होतो, तिने आमच्यासाठी शेजाऱ्याची एक कप कॉफी सोडली होती.

तीन आठवड्यांनी निकाल आला. रस्ता लोकांचा. कुलूप शेरीफने स्वतः तोडलं. फाटकाशी साठ-सत्तर माणसं जमली होती. वेंडेल टोपी काढून म्हणाला, "अल्व्हिना, तुझे आभार कसे मानू गं?"

"टोपी घाल आधी," ती खेकसली. "स्वतःच्या वाटेवर टोपी कसली काढतोस?"

वेंडेलने टोपी घातली, आणि आम्ही सगळे वर निघालो.