भट्टीतल्या फिरक्या

विजयश्रीबाईंचं नाव निघालं की माझं डोकं अजून सणकतं, आणि ते फक्त जयदीप साहेबांमुळे नाही.

बाई परभणीकडच्या. चाकणला आमच्या पेंट शॉपमध्ये सात वर्षं भट्टीवर होत्या, त्याही कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी कार्ड बंद, मग नवं. रंगाची पावडर मारलेले ब्रॅकेट आकड्यांना टांगून भट्टीत सोडायचे, हे त्यांचं काम. भट्टीतले तापवणारे दिवे एकाच बाजूला होते, म्हणून प्रत्येक आकड्याला एक फिरकी असायची. ती ब्रॅकेटला सावकाश गोल फिरवायची. बाहेर आलेल्या नगाचा रंग बघून बाई सांगायच्या, आत कितवी फिरकी अडकलीये. मी नवनाथ, मेंटेनन्सचा फिटर. जाऊन बघावं तर तीच निघायची.

जानेवारीत प्रॉडक्शन मॅनेजर जयदीप साहेबांनी फिरक्या काढायला लावल्या. त्या अडकतात, लाइन थांबते, टार्गेट बोंबलतं. हुकूम तोंडी, कागद नाही. काढल्या मीच. बाई तेव्हाच म्हणाल्या, "साहेब, एक बाजू करपून जाईल, दुसरी कच्ची ऱ्हाईल." कोण ऐकतंय. सहाशे नग परत आले. रिपोर्टात कारण लिहिलं, 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा'. साहेबांनी एसीत बसून लिहिलं. बाईंनी खाली सही करायची, नाहीतर कार्ड नवं होणार नाही. बाईंनी सही केली नाही.

त्याच आठवड्यात विज्ञान दिन आला. कंपनीला असली नाटकं फार आवडतात. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या आणि वाकडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडम चांद्रप्रवासावर बोलायला आल्या. छान बोलल्या, ते कबूल. वर हवा नाही, त्यामुळे यानाची उन्हाकडची बाजू शंभर अंशांच्या वर तापते आणि सावलीतली शून्याच्या कितीतरी खाली जाते. म्हणून चंद्राकडे माणसं नेणारी जुनी यानं उन्हाला आडवी धरून सावकाश फिरवत न्यायचे, साधारण वीस मिनिटांत एक फेरी. यान डुलायला लागलं तर गॅसचे बारीक झोत सोडून पुन्हा नीट करायचे. आताचं नवं यान बहुतेक वेळ शेपूट सूर्याकडे धरून जातं, तेही ताप सांभाळायलाच. ऐकून सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या? जयदीप साहेबांनी.

प्रश्न विचारा म्हटल्यावर बाई उठल्या.

"साहेब, ते यान फिरवतेत. मंग आपल्या भट्टीतल्या फिरक्या कामून काढल्या?"

साहेब हसले. "बाई, माझी फिरकी घेता काय?"

झालं, सगळे खो-खो हसले. भट्टीची झळ ज्यांना रोज लागते तेसुद्धा हसले. बाई तशाच उभ्या. मॅडमनाच राहवलं नाही, त्यांनी विचारलं, "खरंच काढल्यात का?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा आमचा फिटर. याला विचारा."

मी इथल्याच गावचा. कंपनी ज्या रानात उभी आहे ते आमच्या भावकीचं, त्यापोटीच मला परमनंट घेतलेलं. खरं बोललो असतो तर फार तर चार दिवस साहेबांनी तोंड फिरवलं असतं. एवढंच. बाईंचं मात्र पोट त्यावर होतं.

"दुरुस्तीला काढल्यात साहेब," मी म्हणालो. "नेमीचंच हाय. त्यात काय न्हाई."

बाई खाली बसल्या. शनिवारी गेटवर त्यांचं कार्ड लागलं नाही. वॉचमननं डबा आणि चपला आतून आणून दिल्या.

सोमवारी साहेबांनी मला हळूच बोलावून फिरक्या परत बसवायला सांगितल्या. सगळ्या बेचाळीस बसवल्या. आता एकही नग परत येत नाही. 'ऑपरेटर बदलल्याने सुधारणा', असं साहेबांनी नव्या रिपोर्टात लिहिलंय, आणि मेंटेनन्सतर्फे त्याच्याखाली मी सही केली आहे.