दोन दारांची गाडी

गाडी बघायला कुणी ठेवणीतलं लुगडं नेसून जातं का हो? आमच्या सासूबाई निघायच्या. हे आणि त्या, दोन रविवार मायलेकांचा हाच उद्योग चालला होता. घाटकोपरहून सांताक्रूझला जायचं, संध्याकाळी परतायचं आणि कुजबुजत बसायचं. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प. माझ्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला सात वर्षं होऊन मांडीवर मूल नव्हतं, आणि घरी येईल त्याला सासूबाई ऐकवायच्या, वंशाला दिवा हवा म्हणून. पहिली असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आली होती खरी, पण आमच्या नात्यागोत्यात कायद्याला विचारतो कोण! गाडीबिडी काही नाही, हे पोरगी बघत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

तिसऱ्या रविवारी मीही चपला घातल्या.

"तू कशाला उन्हात?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही ते ऊन मलाच बरं लागणार!"

सांताक्रूझला एका बंगलीसमोर खरंच गाडी उभी होती. बुटकी, लालभडक. तरी माझा संशय फिटेना. मी आधी बंगलीच्या खिडक्या बघितल्या, पडद्याआड कुणी उभी आहे का ते. कुणी नव्हतं. मालक विमानतळावर कामाला होता, तो बाहेर आला आणि सुरूच झाला.

"दारं दोनच, पण चांगली रुंद. छप्पर मागे उतरतं केलंय, म्हणून वारा कापत जाते. गियर खाली, पायापाशी. गॅलनला तीस मैल देते, घाटात दमत नाही. मोठ्या गाडीच्या निम्म्या पैशात असा झकास माल दाखवा मला!"

ह्यांनी लगेच बॉनेटमध्ये डोकं घातलं. मी टायर बघितले, गुळगुळीत. एका दाराच्या कडेला रंग ताजा वाटला.

"ठोकलेली आहे," मी म्हटलं.

"नाही हो ताई, जराशी खरचटलीय."

खरचटलीय म्हणे! पण ह्यांना फेरी मारून बघायचीच होती. मोठ्यांनी पुढे बसायचं ही आमची रीत. पुढची सीट दुमडून मला मागे कोंबली आणि सासूबाई पुढे बसल्या. माझे गुडघे हनुवटीला टेकले. त्या उतरल्याशिवाय मला बाहेर पडायचीही सोय नव्हती.

"मागे एवढीशीच जागा?" सासूबाईंनी खिडकीतून मालकाला विचारलं.

"ती पोरांसाठी, माई. दोन पोरं मजेत बसतात."

"ऐकलंस?" त्या ह्यांना म्हणाल्या. मी मागे बसलेय याचंही त्यांना काही वाटलं नाही. "पोरांची सोय आहे. पार्ल्याची ती मुलगी अजून थांबलीय माझ्या शब्दावर. आत्ता इथूनच जाऊ."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. ह्यांची नुसती मान मला दिसत होती, आणि ती मान काही हलेना. सात वर्षांचा संसार त्या मानेवर टांगलेला. मेलं, बोला ना काहीतरी!

ह्यांनी मालकाला जवळ बोलावलं. "ही मागची सीट काढून टाकता येईल का?"

"येईल की. पण मग पोरं कुठे बसवाल?"

"आम्ही दोघंच आहोत," हे म्हणाले. "दोघंच राहणार."

सासूबाई दार उघडून उतरल्या आणि तरातरा फाटकाकडे निघाल्या. हे मागे वळून माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, डोळे भरून आले होते तरी. माझा माणूस माझाच राहिला होता. पण मुलाची आशा ह्यांनी सोडली होती, आणि मी अजून सोडली नव्हती.