पळसाच्या वाखाची पिशवी
पळसाच्या मुळांच्या ओल्या वाखाचा, म्हणजे तंतूंचा, उग्र वास आला की कन्हानच्या पुलावर पोलिसांनी झडतीसाठी अडवलेली एसटी आठवते. आणीबाणी होती. त्या वाखाच्या पिशव्या विणून नागपूरला विकणाऱ्या, ओळखीच्या एका गोंड बाईच्या पिशवीत मी तिला न विचारता आमची चोरून छापलेली सरकारविरोधी पत्रकं कोंबली आणि मागच्या बाकावर बसलो. शिपायानं तिची पिशवी उघडली. "हे कागद काहून वं?" मी खिडकीबाहेर बघू लागलो. "वाख गुंडाळाले रद्दी आणली, साहेब," म्हणत तिनं एका पत्रकाची सुरळी करून वाख गुंडाळायलाही घेतला. शिपाई हसून उतरला. कागद कोंबताना तिनं मला पाहिलं होतं; ती वळून म्हणाली, "घरी तीन लेकरं आहेत माही. मले विचारलं काहून नाही गा?" 'हे सरकार गरिबाला विचारत नाही,' हे त्या पत्रकाचं पहिलं वाक्य मीच लिहिलं होतं; अजून लाज वाटते.