एक स्टार, आणि कोड्याबद्दल चकार शब्द न्हाय

मंडळी, आमच्या सीमाभागातल्या वडगावच्या घरातला माग मी थ्रीडी गेममध्ये उभा केलाय. तो चारी बाजूंनी फिरवायचा, तुटलेला धागा शोधायचा आणि जोडायचा. एवढंच कोडं.

आज सकाळी गेम टाकला. दुपारी रिव्ह्यू उघडले.

"सूचनांत कन्नड वर, मराठी खाली का?" एक स्टार. "मराठी ठेवलीच कशाला?" एक स्टार.

वैतागून सगळे शब्दच काढले, नुसते बाण ठेवले आणि अपडेट टाकला. तासाभरात नवे रिव्ह्यू आले. एक म्हणतो, "मराठी काढली, घाबरली." त्याच्याच खाली दुसरा, "कन्नड काढली, माज बघा."

आता काय काढू?

आमचे आप्पा पलीकडं मागावर होते. माझं तोंड बघून त्यांनी माग थांबवला. "काय म्हणत्यात गं लोक? धागा गावतोय का त्यास्नी?"

"व्हय आप्पा, गावतोय की," म्हटलं. ते खुशीत परत कामाला लागले.

तुमच्यापैकी कुणीतरी खेळा रं. रटाळ म्हणा, लई अवघड म्हणा, शिव्या घाला. फक्त धागा गावला का न्हाय, तेवढं लिहा. आप्पांना खरं सांगायचं राहिलंय.